पेशींतील टपालखातें

२०२० सालच्या अखेरीस कोरोनाच्या साथीवरील लशींबरोबर ‘संदेशवाहक आर्.एन्.ए.’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन बसला. पुढें २०२२ च्या जून महिन्यांत पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनें तयार केलेल्या अशाच एका लशीस भारतांत आणीबाणीच्या वापरासाठीं मान्यता मिळाली. तेव्हांपासून पुष्कळ घरांतून असा समज आढळतो कीं, संदेशवाहक आर्.एन्.ए. ही प्रयोगशाळेंत निर्माण झालेली एखादी अपूर्व वस्तु असावी. खरी गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. ज्याला लस टोचली गेली, त्याच्या शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत हे निरोप्ये तो जन्मास येण्यापूर्वींपासून अहोरात्र राबत होते. लशीनें त्या गर्दींत थोड्या दिवसांपुरता एक परका निरोप्या पाठविला, इतकेंच. हे घरचे निरोप्ये निरोप कसा नेतात, कोठें पोहोंचवितात, आणि वाटेंत तो कसा गुप्त राखतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. यांतील शेवटचा भाग, म्हणजे वेळ येईपर्यंत मौन पाळणें, हा निरोप बोलून दाखविण्याइतकाच महत्त्वाचा आहे. तें मौन सुटलें म्हणजे काय होतें हें कांहीं मुलांच्या आयुष्यावरून दिसून येतें.

प्रथम या निरोप्याचें मूळ काम समजून घेतलें पाहिजे. पेशीच्या आंत केंद्रक नांवाचें एक वेष्टित दालन असतें. त्यांत डी.एन्.ए.च्या लांबच लांब धाग्यांवर आनुवंशिक मजकूर लिहिलेला असतो. माणसाच्या या मजकुरांत प्रथिनें तयार करण्याच्या सुमारें २० हजार कृती आहेत. जुन्या घराण्यांतून मूळ पोथी देवघराबाहेर नेण्याची चाल नसे. ज्याला गरज असेल त्यानें तेथेंच बसून हवें तें प्रकरण उतरून घ्यावें आणि नक्कल बरोबर न्यावी. केंद्रकांतील व्यवस्था अशीच आहे. डी.एन्.ए. जागचें हालत नाहीं. हव्या त्या कृतीची आर्.एन्.ए.च्या रूपानें नक्कल होते आणि ती बाहेर जाते. बाहेर पेशीद्रवांत रायबोसोम नांवाचीं सूक्ष्म यंत्रें ती नक्कल तीन-तीन अक्षरांच्या गटांनीं वाचतात, आणि प्रत्येक गटाच्या अर्थाप्रमाणें वीस प्रकारच्या अॅमिनो आम्लांपैकीं एकेक मणी ओवून प्रथिनाची माळ सिद्ध करतात.

अशा निरोप्याचें अस्तित्व १९६१ मध्यें सिडने ब्रेनर, फ्रान्स्वा झाकोब व मॅथ्यू मेसेल्सन यांच्या प्रयोगांनीं आणि त्याच सुमारास झालेल्या इतर कांहीं प्रयोगांनीं सिद्ध झालें. त्या तीन-अक्षरी लिपीचा उलगडा करणाऱ्यांत हरगोविंद खुराना हे होते. मार्शल निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत त्यांना १९६८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. रायबोसोमची बारीकसारीक रचना उलगडून दाखविल्याबद्दल २००९ मध्यें ज्या तिघांचा तसाच गौरव झाला, त्यांपैकीं वेंकटरामन रामकृष्णन् यांनीं आपली पहिली पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत घेतलेली होती.

पाठ्यपुस्तकांतील हकीकत बहुधा येथें संपते. पेशीची खरी अडचण मात्र येथूनच सुरू होते.

नक्कल उतरून होतांच ती बाहेर पडूं शकत नाहीं. तिच्या आरंभीं एक रासायनिक टोपी चढवावी लागते, मधला अनावश्यक मजकूर कापून टाकावा लागतो, आणि अखेरीस एकाच अक्षराची सुमारें दोनशें वेळां पुनरावृत्ति असलेलें शेपूट जोडावें लागतें. हे संस्कार पुरे झाले म्हणजे कांहीं प्रथिनें निरोपाला येऊन चिकटतात. तीं त्याचीं प्रवासाचीं कागदपत्रेंच होत. केंद्रकाच्या आवरणास पुष्कळ द्वारें असतात. प्रत्येक द्वार म्हणजे सुमारें तीस प्रकारच्या प्रथिनांची गुंतागुंतीची कमान असते. ज्याचीं कागदपत्रें पुरीं नाहींत, त्याला येथें सहसा वाट मिळत नाहीं. तो आंतच नष्ट केला जातो. २०१० मध्यें डेव्हिड ग्रुनवाल्ड व रॉबर्ट सिंगर यांनीं जिवंत पेशींत एकेका निरोपाचा हा प्रवास प्रत्यक्ष मोजला. सगळा प्रवास सेकंदाच्या सुमारें पांचव्या भागांत उरकतो, आणि त्यांतलाही बहुतेक वेळ द्वाराच्या अलीकडे व पलीकडे थांबण्यांत जातो. मधला भाग तो निमिषार्धांत ओलांडतो.

बाहेर पडल्यावर जावयाचें कोठें, हा पुढचा प्रश्न. पेशी डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून ती आंतून लहान आहे असें समजूं नये. पाठीच्या कण्यांतून निघून पायाकडे जाणाऱ्या मज्जापेशीची शाखा सुमारें एक मीटर लांब असते, आणि तिचें केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतें. श्रोत्यांनीं तें केंद्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढें आहे अशी कल्पना केली, तर त्या शाखेचें टोक पाऊण किलोमीटरहूनही दूर जाईल. इतक्या लांब जें प्रथिन हवें आहे, तें केंद्रकाजवळच तयार करून पाठवावें, कीं कृतीच तिकडे पाठवून प्रथिन जागेवर करवून घ्यावें?

पेशी या दोन्ही पद्धती वापरते. परंतु दुसरीचे फायदे उघड आहेत. एका निरोपावरून प्रथिनाच्या अनेक प्रती निघतात, म्हणून एक निरोप नेला म्हणजे अनेक प्रथिनें वाहून नेण्याचा भार वांचतो. दुसरें असें कीं, कांहीं प्रथिनें भलत्या जागीं उपद्रव करतात. मज्जातंतूंवर जें स्निग्ध वेष्टन असतें, त्याचे थर एकमेकांस घट्ट चिकटविणारें एक प्रथिन आहे. तें केंद्रकाजवळ तयार झालें तर तेथीलच पडदे चिकटवून बसावयाचें. म्हणून वेष्टन तयार करणारी पेशी त्या प्रथिनाचा निरोप आपल्या लांबलांब बाहूंच्या टोकांकडे धाडते आणि तेथेंच त्याचें वाचन होऊं देते. डिंकाची बाटली जेथें कागद चिकटवावयाचा तेथेंच उघडावी, हा व्यवहार पेशीलाही कळतो.

निरोप पेशींत सर्वत्र सारखे पसरलेले नसून ठराविक ठिकाणीं गोळा होतात, हें १९८० नंतरच्या दशकांत ध्यानांत आलें. १९८३ मध्यें विल्यम जेफरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका समुद्री प्राण्याच्या अंड्यांत अॅक्टिन या प्रथिनाचा निरोप विशिष्ट भागांत एकवटलेला पाहिला. १९८६ मध्यें जीन लॉरेन्स व रॉबर्ट सिंगर यांना कोंबडीच्या गर्भांतून घेतलेल्या सरपटणाऱ्या पेशींत तोच निरोप पेशीच्या पुढच्या कडेला आढळला. जखम भरून येतांना अशाच पेशी जखमेच्या कडेवरून पुढें सरकतात. अॅक्टिनचे धागे वाढून पेशीची पुढची कड लोटतात. अर्थात् अॅक्टिनची गरज तेथेंच असते.

निरोपाला ही दिशा कळते कशी? त्यावर पत्ता लिहिलेला असतो. अॅक्टिनच्या निरोपांत प्रथिनाची कृति संपल्यानंतरच्या भागांत ५४ अक्षरांचा एक तुकडा आहे. तो झांकून टाकला कीं निरोप पुढच्या कडेला जात नाहीं, आणि सरपटणाऱ्या पेशीची दिशा बिघडते. शास्त्रज्ञांनीं १९९४ मध्यें त्या तुकड्याचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हां त्याला अमेरिकेंतील टपालाच्या अंकावरून नांव दिलें. भारतांत १९७२ पासून पत्रावर जो पिनकोड लिहितात, त्याचाच हा भाऊबंद. मजकूर वाचणाऱ्यासाठीं असतो, तर पत्ता हमालासाठीं. हा पत्ता ओळखणारें स्वतंत्र प्रथिन पेशींत असतें आणि तें निरोपाला वाहनापाशीं नेऊन पोहोंचवितें.

वाहनेंही आहेत, आणि त्यांच्यासाठीं रस्तेही आहेत. पेशींत सूक्ष्म नळ्यांचें जाळें पसरलेलें असतें. त्यांवरून कायनेसिन व डायनीन नांवाचीं प्रथिनें अक्षरशः पावलें टाकीत चालतात. कायनेसिनचें एक पाऊल मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढें असतें. ओझें घेऊन हे हमाल सेकंदास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास अंतर तोडतात. त्या गतीनें वाटेंत कोठेंही न थांबतां एक मीटर जावयाचें म्हटलें, तरी साडेअकरा दिवस लागतील. एवढ्या प्रवासांत निरोप शाबूत राहिला पाहिजे, आणि मुक्कामास पोहोंचण्यापूर्वीं त्याचें वाचन होतां कामा नये.

हें दुसरें पथ्य मोडल्यास काय होतें, तें फळमाशीच्या अंड्यांत स्पष्ट दिसलें. या माशीच्या अंड्यांत डोकें कोणत्या बाजूस व्हावयाचें आणि पोट कोणत्या, हें आईनें ठेवलेल्या निरोपांवरून ठरतें. ‘बायकॉइड’ हा निरोप अंड्याच्या पुढच्या टोकास बांधून ठेवलेला असतो. तो आईकडून मिळाला नाहीं तर गर्भाला डोकें व छाती येत नाहींत. ‘ऑस्कर’ हा निरोप मागच्या टोकास असतो, आणि पुढील पिढीचें बीज धारण करणाऱ्या पेशी तेथें निर्माण होतात. १९९२ मध्यें अॅन एफ्रुसी व रूथ लेहमन यांनीं ऑस्करच्या निरोपाला बायकॉइडचा पत्ता जोडला. मजकूर तोच, पत्ता दुसरा. निरोप पुढच्या टोकास गेला, आणि जेथें डोकें व्हावयाचें तेथें बीजपेशी तयार झाल्या. शरीराचा आराखडा पत्त्याच्या ओळीवर किती अवलंबून असतो, याचा याहून ठळक पुरावा क्वचित् मिळेल.

पुढें १९९५ मध्यें असें दिसून आलें कीं, ऑस्करचा निरोप प्रवासांत असतांना ‘ब्रुनो’ नांवाचें एक प्रथिन त्याला धरून असतें आणि रायबोसोमला तो वाचूं देत नाहीं. ब्रुनोला पकडण्याची जागाच निरोपांतून काढून टाकली, तर वेळेआधीं व भलत्या ठिकाणीं प्रथिन तयार होतें आणि गर्भाची रचना बिघडते. अॅक्टिनच्या बाबतींत पत्ता ओळखणारें प्रथिनच हें तोंड दाबण्याचें काम करतें. निरोप कडेला पोहोंचला म्हणजे तेथील एक एन्झाइम त्या प्रथिनावर फॉस्फेटचा कण चिकटवितें. तेवढ्यानें त्याची पकड सुटते आणि वाचन सुरू होतें. पोस्टाच्या पाकिटावरचें लाखेचें शिक्कामोर्तब ज्याच्या नांवें पाकीट आहे त्यानेंच फोडावें, तसा हा प्रकार आहे.

एकेका निरोपाचें हें नियमन झालें. याखेरीज सबंध पेशीचा कारभारही वेळप्रसंगीं मंदावतां किंवा वाढवितां येतो. प्रथिनें बनविणें हें पेशीच्या मोठ्या खर्चाच्या कामांपैकीं एक आहे. उपासमार घडली किंवा विषाणूनें हल्ला केला, तर वाचनाचा आरंभ करून देणाऱ्या एका प्रथिनावर फॉस्फेट चढवून पेशी सर्वसाधारण उत्पादन आखडतें घेते. शिजतें अन्न परक्याच्या पानांत पडण्यापेक्षां चूल विझविलेली बरी. जेवणानंतर रक्तांत इन्सुलिन वाढलें म्हणजे उलट हुकूम सुटतात. शिवाय बावीसेक अक्षरांचे अतिसूक्ष्म आर्.एन्.ए. आपल्याशीं जुळणारा मजकूर दिसेल त्या निरोपाला चिकटून त्याची वाचा बंद करतात किंवा त्याचा नाश ओढवतात. यांचा पहिला नमुना व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनीं १९९३ मध्यें एका बारीक कृमींत दाखविला, आणि २०२४ मध्यें त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

या सर्व व्यवस्थेची कसोटी मेंदूंत लागते. तेथील एकेक मज्जापेशी दुसऱ्या पेशींशीं हजारों सांध्यांनीं जोडलेली असते. कांहीं शिकतांना अथवा आठवणींत ठेवतांना सगळे सांधे बदलत नाहींत. जे वापरांत आले, तेवढेच बळावतात किंवा शिथिल होतात. एका केंद्रकानें हजारों सांध्यांपैकीं नेमक्या एकास प्रथिन कसें पोहोंचवावें? १९८२ मध्यें ओस्वाल्ड स्टुअर्ड व विल्यम लेव्ही यांना सांध्यांच्या पायथ्याशींच रायबोसोमांचे पुंजके आढळले. तेव्हां उत्तराची दिशा दिसली. १९९६ मध्यें ह्युजिन कांग व एरिन शूमन यांनीं उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांत मज्जापेशींच्या शाखा पेशींच्या मुख्य शरीरापासून तोडून वेगळ्या केल्या. तरीही वाढीस उत्तेजन देणारें द्रव्य घालतांच सांधे बळावले. प्रथिननिर्मिति थांबविणारें औषध अगोदर दिलें असतां मात्र बळावले नाहींत. म्हणजे प्रथिन शाखेंतच तयार होत होतें. २०१२ मध्यें शूमन यांच्या प्रयोगशाळेनें उंदराच्या मेंदूंतील अशा शाखांच्या प्रदेशांत सुमारें २५५० वेगवेगळे निरोप हजर असल्याचें दाखविलें. ते तेथें हुकमाची वाट पाहत मुके बसलेले असतात.

त्यांना मुकें ठेवणाऱ्या रखवालदारांपैकीं एक नाहींसा झाला तर काय होतें, याची हकीकत १९४३ पासून सुरू होते. त्या सालीं इंग्लंडमधील जे. पर्डन मार्टिन व ज्यूलिया बेल यांनीं एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतील अनेक पुरुषांत बौद्धिक न्यूनता होती आणि ती मातेच्या बाजूनें उतरत होती. १९६९ मध्यें हर्बर्ट लब्ज यांना अशा रुग्णांच्या ‘एक्स’ या गुणसूत्राचें टोक मोडल्यासारखें दिसलें. त्यावरून या विकारास ‘फ्रॅजाइल एक्स’, म्हणजे ठिसूळ एक्स, हें नांव पडलें. १९९१ मध्यें त्याचें जनुक सांपडलें. त्या जनुकाच्या आरंभीं तीन अक्षरांचा एक गट पुनःपुन्हां येतो. सामान्य माणसांत तो सुमारें ५ ते ४४ वेळां असतो. तो दोनशेंहून अधिक वेळां आला म्हणजे सबंध जनुक बंद पडतें, आणि त्याचें प्रथिन तयार होत नाहीं.

तें प्रथिन म्हणजेच वर सांगितलेला रखवालदार. तें मज्जापेशींतील शेंकडों निरोपांना धरून रायबोसोमची गति रोखतें. सांध्याकडून इशारा आला म्हणजे पकड सैल करतें. तें नसलें म्हणजे इशाऱ्याची वाट न पाहतां प्रथिनें तयार होऊं लागतात. येथें उणीव मजकुराची किंवा कारखान्याची नाहीं. कारखाना आहे, मजकूरही आहे, लगाम तेवढा नाहीं. पण त्या एका अभावानें मुलाचें बोलणें उशिरा येतें, शिकणें अवघड जातें, नजरेला नजर भिडविणें त्याला असह्य होतें, गलबला सोसवत नाहीं, आणि पुष्कळांत स्वमग्नतेचीं लक्षणें दिसतात. पिढीजात उतरणाऱ्या बौद्धिक न्यूनतेचें हें सर्वांत अधिक आढळणारें एकेरी कारण आहे. दर चार ते सात हजार पुरुषांत सुमारें एकास हा विकार असतो, आणि स्त्रियांत याहून कमी.

रोगाचें कारण कळलें म्हणजे उपाय हातीं आलाच, असें मात्र येथें झालें नाहीं. २००२ मध्यें किंबर्ली ह्यूबर, मार्क बेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा रखवालदार नसलेल्या उंदरांच्या मेंदूंत सांधे प्रमाणाबाहेर शिथिल होतात असें दाखविलें. हा परिणाम ज्या ग्राहकाच्या द्वारें होतो, तो अर्ध्यावर आणतांच उंदरांतील अनेक दोष सुधारले, हें २००७ मध्यें दिसलें. मोठी आशा उत्पन्न झाली. त्या ग्राहकाला आवर घालणाऱ्या औषधांच्या मोठ्या चांचण्या तरुण व प्रौढ रुग्णांवर झाल्या. परंतु २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत अपेक्षित फरक आढळला नाहीं. उंदरावरून माणसाचें अनुमान काढतांना किती सावध राहिलें पाहिजे, याचें हें एक कटु उदाहरण होय. विशेष शिक्षण, वाचेचे व हालचालींचे उपचार आणि त्रासदायक लक्षणांवरील औषधें यांचाच अद्याप मुख्य आधार आहे.

तरीही या ज्ञानानें घरांतील एक अन्याय दूर होण्यासारखा आहे. मूल मागें पडलें म्हणजे आईच्या लाडांस, दुर्लक्षास किंवा गरोदरपणांतील एखाद्या लहानशा चुकीस बोल लावण्याची संवय अजून गेलेली नाहीं. फ्रॅजाइल एक्सच्या बाबतींत त्या बोलास कांहीं आधार नाहीं. ५५ ते २०० पुनरावृत्ति असलेली स्त्री बहुधा बुद्धीनें इतरांसारखीच असते. तिला आपण वाहक आहों याची कल्पनाही नसते. आईकडून मुलाकडे जातांना ती संख्या वाढूं शकते, आणि वाढलेली संख्या जनुकाची वाचा बंद करते. कित्येकदां तो वारसा तिला आपल्या निरोगी, कर्तबगार पित्याकडूनच आलेला असतो. रक्ताच्या तपासणीनें या पुनरावृत्ति मोजतां येतात. घरांत असें मूल असेल तर ती तपासणी करून घेणें आणि जाणत्या वैद्याचा सल्ला घेणें हें त्याच्या बहिणींच्या, मावश्यांच्या व मामांच्याही हिताचें आहे.

टपालखात्याचें काम सुरळीत चालू असतें तेव्हां त्याची कोणी आठवण काढीत नाहीं. पेशींतील टपालाचेंही तसेंच आहे. निरोगी शरीरांत दर क्षणीं असंख्य निरोप केंद्रकांतून निघतात, पत्त्यावर जातात, इशारा होईतों गप्प राहतात, आपलें काम सांगतात आणि नष्ट होतात. हें किती नाजूक रीतीनें जुळून आलेलें असतें, याची कल्पना शास्त्रज्ञांना जिवंत पेशींत एकेक निरोपाचा माग काढूं लागल्यावर आली. ज्या घरांत तें जुळून आलेलें नाहीं, त्या घरांतील मातेला मात्र तें कोणत्याही शास्त्रज्ञापूर्वीं, पाळण्याशीं बसल्याबसल्याच जाणवलेलें असतें. तिच्या प्रश्नाचें पहिलें अर्धें उत्तर, म्हणजे असें कां झालें, हें आतां देतां येतें. दुसऱ्या अर्ध्याचा शोध चालू आहे.